विमानातली खिडकी: ऊन कुठल्या बाजूला, डोंगर कुठल्या बाजूला

सकाळच्या एसटीने पुण्याहून नाशिकला निघालेला माणूस ड्रायव्हरमागची बाजू सोडून दाराकडची धरतो. गाडी उत्तरेला जाणार, ऊन उजवीकडून येणार, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तोच माणूस विमानाचं तिकीट काढताना मात्र स्क्रीनवर जी खिडकी रिकामी दिसेल ती दाबून मोकळा होतो, आणि मग दोन तास मांडीवर ऊन घेत बसतो.

विमानातलं ऊन तसं कडकच. वर ढग नाहीत, धूळ नाही, वाटेत झाड नाही. खिडकीचं प्लास्टिक अतिनील किरणांपैकी यूव्ही-बी जवळजवळ सगळे अडवतं, पण यूव्ही-ए थोडेफार आत येतातच. दहाव्या मिनिटाला माणूस पडदा खाली ओढतो, आणि पडदा खाली आला की खिडकीचे वेगळे मोजलेले पैसे पाण्यात. म्हणून पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे: आधी सावलीची बाजू शोधा, देखाव्याचं नंतर बघू. बहुतेक वेळा दोन्ही एकाच बाजूला सापडतात. ते का, ते पुढे येईलच.

आधी अक्षरं समजून घ्या

आपल्याकडच्या देशांतर्गत प्रवासात बहुतेक वेळा एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ जातीचं विमान असतं. मधून वाट आणि दोन्हीकडे तीन-तीन जागा. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसलात की डावीकडची खिडकी ए, उजवीकडची एफ. बी आणि ई मधल्या, सी आणि डी वाटेकडच्या. परदेशी जाणाऱ्या रुंद विमानांत दोन वाटा असतात. तिथेही डावी खिडकी ए, उजवी मात्र बहुतेकदा के. अक्षर काहीही असो, बुकिंगच्या नकाशावर विमानाचं नाक कुठे काढलंय ते आधी पाहा. फोनवर ते बहुधा वर असतं, पण काही ठिकाणी नकाशा आडवा असतो आणि तिथेच डाव्या-उजव्याचा घोळ होतो.

मग दिशा

फोनवर नकाशा उघडा, उत्तर वर ठेवा, आणि निघायच्या गावापासून पोचायच्या गावापर्यंत बोटाने सरळ रेघ ओढा. बोट वर गेलं तर डावी खिडकी पश्चिमेला, उजवी पूर्वेला. खाली गेलं तर उलट. उजवीकडे, म्हणजे पूर्वेला गेलं तर डावी खिडकी उत्तरेची आणि उजवी दक्षिणेची. पश्चिमेला जाताना पुन्हा उलट. विमानं अगदी फूटपट्टीने आखल्यासारखी जात नाहीत, पण बाजू ठरवायला एवढं पुरतं. फारच चिकित्सक असाल तर फ्लाइटरडार२४ वर तुमच्या फ्लाइटचा क्रमांक टाका. आधीच्या दिवशी ते विमान नेमकं कुठून गेलं याची रेघ दिसते.

मग सूर्य

सकाळी पूर्व, संध्याकाळी पश्चिम, एवढं तर शाळेतलं. मुंबई-दिल्ली विमान जवळजवळ उत्तरेला जातं. सकाळचं असेल तर ऊन उजवीकडे, तेव्हा सावलीसाठी ए. संध्याकाळचं असेल तर एफ. दिल्लीहून परत येताना सकाळी एफ आणि संध्याकाळी ए. पुणे-दिल्लीलाही हेच. मुंबईहून बंगळुरूला विमान आग्नेयेकडे जातं. सकाळी एफ, संध्याकाळी ए.

घोटाळा होतो तो पूर्व-पश्चिम प्रवासात. मुंबई-नागपूर, मुंबई-कोलकाता, पुणे-नागपूर या वाटांवर सूर्य सकाळी समोर आणि संध्याकाळी मागे असतो, तेव्हा बाजू ठरते ती तो किती दक्षिणेला कललाय यावरून. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेच्या अंगाने जातो. २१ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून थेट मांडीवर. त्यामुळे नागपूरला जाताना ए आणि नागपूरहून मुंबईला येताना एफ, हे हिवाळ्यात तर डोळे मिटून करावं.

अपवाद उन्हाळ्याचा. मुंबईत शून्य सावलीचे दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असण्याचे दिवस, येतात ते मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. पण तेव्हा तो इतका डोक्यावर असतो की भर दुपारी कुठल्याच खिडकीतून आत येत नाही. जूनमध्ये तो पूर्वेच्याही सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो, म्हणून जूनच्या सकाळी नागपूरला जाणाऱ्या विमानाला सूर्य जवळजवळ नाकासमोर असतो आणि ए काय, एफ काय, फारसा फरक पडत नाही.

एक गोष्ट नवख्यांना हमखास फसवते. विमान गेटवर उभं असताना त्याचं तोंड कुठेही असू शकतं. सावलीची म्हणून घेतलेल्या खिडकीतून जमिनीवर असतानाच ऊन आलं तर लगेच जागा बदलून मागू नका. धावपट्टीवर जाईपर्यंत विमान दोन-तीनदा वळतं, उड्डाणानंतर पुन्हा वळतं, आणि मग हिशेब जुळतो.

सावलीच्या बाजूला जास्त का दिसतं

उन्हाच्या बाजूला बसलात की डोळे किलकिले होतात, खिडकीच्या प्लास्टिकवरचा एकूण एक ओरखडा चमकतो आणि हवेतलं धुरकट दुधासारखं पांढरं दिसतं. सावलीच्या बाजूला सूर्य तुमच्या पाठीमागे असतो. त्याचा उजेड तुम्ही बघताय त्या डोंगराच्या, शेताच्या, गावाच्या तोंडावर पडतो. रंग नीट कळतात, फोटोही बरे येतात. उन्हाच्या बाजूची एकच गोष्ट भारी: खालची तळी आणि नद्या क्षणभर चांदीसारख्या लखलखतात.

पण सावलीच्या बाजूचं खरं बक्षीस इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात दरीत धुकं आणि पाठीमागे सूर्य असला की दिसणारं गोल इंद्रधनुष्य, ज्याच्यासाठी माणसं भल्या सकाळी कड्यावर जाऊन बसतात आणि बहुतेकदा न बघताच परततात, ते विमानातून पुष्कळ सहज दिसतं. खाली ढगांची चादर हवी आणि तुम्ही सूर्याच्या विरुद्ध बाजूला हवेत. सूर्य क्षितिजाच्या जितका वर, तितकीच तुमची नजर खाली गेली पाहिजे. म्हणजे सकाळी नऊ-साडेनऊला नाक खिडकीला लावून बऱ्यापैकी खाली बघा. ढगावर विमानाची सावली पळताना दिसेल आणि तिच्याभोवती रंगीत कडी: आत निळसर, बाहेर तांबडं. विमान ढगापासून लांब असेल तर सावली विरून जाते, नुसती कडीच राहते. ढगाच्या जवळ आलं की सावली मोठी होते, तिचे पंख आणि शेपटी ओळखू येतात. तेव्हा कड्यांचा मध्य सावलीच्या कुठल्या भागावर आहे ते पाहा. तुम्ही बसलाय तो नेमका तोच भाग. पाचव्या रांगेतल्या माणसाला मध्य पंखाच्या पुढे दिसतो, पंचविसाव्या रांगेतल्याला शेपटीकडे. घरची मंडळी वेगवेगळ्या रांगांत असतील तर उतरल्यावर ताडून बघायला मजा येते.

पावसाळ्यात खालचं काहीच दिसणार नाही म्हणून खिडकी नको म्हणणारे पुष्कळ असतात. इंद्रवज्रासाठी तोच मोसम चांगला.

संध्याकाळचंही तसंच. सूर्यास्त बघायला म्हणून लोक मुद्दाम पश्चिमेची खिडकी घेतात, अर्धा तास पडदा खाली ठेवतात आणि शेवटची पाच मिनिटं बघतात. त्याच वेळी पूर्वेच्या खिडकीतून पृथ्वीची सावली वर चढताना दिसते: क्षितिजाला टेकलेला करडा-निळा पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी. जमिनीवरूनही ती दिसते, पण शहरात इमारतींच्या आड जाते. साडेदहा किलोमीटर उंचीवर आड काही येत नाही, आणि सूर्यही तिथे खालच्यापेक्षा बारा-पंधरा मिनिटं उशिरा मावळतो. सूर्यास्तच बघायचा असेल तर तो पश्चिमेला जाणाऱ्या विमानातून, मुंबई-दुबईसारख्या वाटेवर बघावा. विमान सूर्याच्या मागे धावत असतं, त्यामुळे संधिप्रकाश नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वेळ टिकतो. हिवाळ्यात सूर्य डावीकडे समोर असतो. पूर्वेला जाताना उलटं होतं, चहा संपेपर्यंत अंधार.

आता देखावा: आपल्या वाटा

सगळ्यात जवळून दिसतं ते उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी, म्हणून मुंबईचंच आधी. मुंबईत बहुतेक वेळा विमानं पश्चिमेकडे तोंड करून उडतात आणि उतरतातही त्याच दिशेने, पूर्वेकडून येऊन. उडताना जुहूचा किनारा ओलांडला की डाव्या खिडकीतून वांद्रे आणि सी-लिंक. उतरताना ठाण्याच्या खाडीवरून आलात की उजवीकडे पवई आणि विहार तलाव, मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर.

मुंबई-गोवा ही वाट छोटी असली तरी श्रीमंत. सरळ रेघ कोकण किनाऱ्याला जवळजवळ चिकटून जाते. उजवीकडे समुद्र, खाड्यांची तोंडं, आणि मार्ग फार बाहेर सरकला नाही तर मुरूडसमोरचा जंजिरा. डावीकडे सह्याद्रीची भिंत आणि तिच्यापलीकडे कोयनेचा शिवसागर, घाटमाथ्यावर बोटं पसरल्यासारखा. सकाळी जात असाल तर उजवी बाजू सावलीचीही आणि समुद्राचीही. संध्याकाळी जात असाल तर डावी, आणि तेव्हा सह्याद्रीच्या कड्यांवर तिरपा उजेड असतो. इथे हरायचा प्रश्नच येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ आणि डोंगर अजून हिरवे, तेव्हा ही वाट सर्वांत सुंदर.

नागपूरच्या वाटेवर मात्र ओढाताण आहे. मुंबईहून नागपूरला सरळ रेघ ओढली तर पैठणचा नाथसागर आणि पुढे लोणारचं सरोवर दोन्ही रेघेच्या दक्षिणेला पडतात, म्हणजे उजव्या खिडकीत, म्हणजे उन्हात. पुण्याहून नागपूरला निघालात तर हीच दोन्ही ठिकाणं उत्तरेला, डाव्या खिडकीत, सावलीत. पुणेकरांनी यात फार भाव खाऊ नये, पण वस्तुस्थिती आहे. लोणार वरून ओळखायचं तर मोठं काही शोधू नका. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, इतक्या उंचीवरून ते लहानसं दिसतं. पण सभोवती चौकोनी शेतं आणि मध्येच एक बरोब्बर गोल खळगा, कडेला झाडीची गडद रेघ. प्रवासाच्या अर्ध्याहून थोडं पुढे गेल्यावर नजर ठेवा. नाथसागर आधी येतो आणि तो इतका मोठा आहे की चुकत नाही. मुंबईहून जाणाऱ्यांनी लोणार बघायचंच ठरवलं असेल तर संध्याकाळचं विमान घ्यावं. सूर्य तेव्हा मागे असतो आणि त्रास कमी.

ही युक्ती सगळीकडे लागू पडते: बाजू बदलता येत नसेल तर वेळ बदला.

हिमालय

दिल्लीहून बागडोगरा किंवा गुवाहाटीला जाताना डावी खिडकी, परत येताना उजवी. यात दुसरा विचार करू नका. हिमालय उत्तरेला, आणि उत्तरेची खिडकी वर्षातला बहुतेक काळ सावलीची. सिक्कीम-दार्जिलिंगच्या सहलीला निघालेली किती मराठी कुटुंबं या विमानात दक्षिणेच्या बाजूला बसून बिहारची शेतं बघत जातात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

दिल्ली सोडल्यावर थोड्या वेळाने क्षितिजावर ढगांची पांढरी रांग दिसते. ढग हलतात आणि आकार बदलतात. ही रांग बदलत नाही. तोच हिमालय. मध्ये धौलागिरी आणि अन्नपूर्णा येतात, मग पुढे एव्हरेस्ट. ते ओळखायला ल्होत्से-नुप्त्सेची लांबलचक भिंत शोधा. एव्हरेस्ट त्या भिंतीच्या मागे आहे, त्यामुळे त्याचं फक्त टोक वर डोकावतं, आणि तिथल्या वाऱ्याने बर्फ टिकत नसल्यामुळे ते टोक शेजाऱ्यांपेक्षा काळपट असतं. दक्षिणेकडून बघताना उजव्या हाताला मकालू. सगळ्यात गोरं आणि देखणं शिखर म्हणजेच एव्हरेस्ट, असं समजून भलत्याचेच फोटो काढणारे प्रत्येक विमानात असतात. आणखी पूर्वेला ८,५८६ मीटरचं कांचनगंगा, रांगेपासून सुटं आणि रुंद. ते चुकत नाही. साडेदहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३७० किलोमीटरवर असतं, त्यामुळे शिखरं शंभरेक किलोमीटर दूर असूनही दिसतात. अट एकच, हवा स्वच्छ हवी. पावसाळा सरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात भरवशाचे. मे महिन्यात धुरकट फार.

दिल्ली-लेह विमान उत्तरेला जातं आणि बहुतेक विमानं सकाळचीच असतात. लेहची धावपट्टी ३,२५६ मीटरवर आहे. दुपारी वारे सुटतात आणि तापलेली विरळ हवा विमानाला पुरेसा आधार देत नाही. सकाळचं ऊन उजवीकडे, त्यामुळे सावली डावीकडे, म्हणजे ए. झंस्कारमधली नुन-कुन ही जोडशिखरंही त्याच बाजूला. नुन ७,१३५ मीटरचं. परतताना एफ. श्रीनगरला जाताना मात्र पर्वतरांगा उजवीकडे आणि सकाळचं ऊनही उजवीकडे. दुपारचं विमान घेतलं तर ऊन डावीकडे जातं, पण दुपारी डोंगरांवर ढग साचायला लागतात. मी असतो तर गॉगल घालून सकाळीच उजवीकडे बसलो असतो.

अमेरिकेतून रात्रीच्या विमानाने पूर्वेला, युरोपमार्गे घरी येणाऱ्यांसाठी एकच ओळ: डावी खिडकी घ्या. अटलांटिकवर उत्तर त्या बाजूला असते, हिवाळ्यात नशिबात असेल तर ध्रुवीय प्रकाशाची हिरवट झाक दिसते, आणि पहाटे समोरून उजवीकडे सरकणारं ऊनही चुकतं.

रांग कुठली

बाजू ठरली तरी रांग चुकली तर खिडकीभर नुसता पंख दिसतो. ए३२० मध्ये साधारण नवव्या-दहाव्या रांगेपासून अठरा-एकोणिसाव्यापर्यंत खाली पंख असतो. पुढच्या रांगा सगळ्यात चांगल्या, आणि म्हणून महाग. मागच्या, वीस-बाविसाच्या पुढच्या, स्वस्त; तिथून पंखाची शेपटीकडची कड दिसते आणि खालचंही बऱ्यापैकी दिसतं. फक्त इंजिनाच्या थेट मागे गरम हवेमुळे दृश्य तव्यावरच्या वाफेसारखं थरथरतं. डोळ्यांना चालतं, झूम करून फोटो काढणाऱ्याला नाही. अगदी शेवटची रांग टाळा, तिथली पाठ बहुधा मागे जात नाही आणि स्वच्छतागृहाची रांग डोक्याशी उभी राहते.

७३७ मध्ये पंखाच्या जरा पुढे एखाद्या ठिकाणी खिडकीच नसते, कारण तिथून भिंतीतून एसीची नळी जाते. पैसे खिडकीचे आणि शेजारी कोरी भिंत. बुकिंगच्या नकाशावर हे दिसेलच असं नाही. विमानाच्या जातीचं नाव आणि रांग टाकून आधीच्या प्रवाशांचे अनुभव शोधा.

छोट्या गावांना जाणारं पंख्याचं एटीआर मिळालं तर मात्र खुशाल कुठलीही खिडकी घ्या. त्याचा पंख डोक्यावर असतो, उंचीही कमी, खालचं सगळं मोकळं. बऱ्याचदा चढायचं मागच्या दाराने असतं, तेव्हा मागच्या रांगा उतरतानाही सोयीच्या.

पैसे आणि चेक-इन

तिकिटाबरोबरच जागा घेतली तर हवी ती मिळते, पण पैसे पडतात. देशांतर्गत बहुतेक विमानांचं वेब चेक-इन ४८ तास आधी उघडतं. गर्दी नसलेल्या दिवशी तेव्हा मागच्या रांगांतली एखादी खिडकी फुकट किंवा स्वस्तात सापडते; शुक्रवार-रविवार संध्याकाळी ती आशा धरू नका. दिल्ली-बागडोगरासारख्या वाटेवर मी पैसे भरेन. रात्रीच्या पुणे-हैदराबादला अजिबात नाही. बरोबर वयस्कर आई-वडील असतील तर त्यांना आधी विचारा. खिडकी कितीही चांगली असली तरी सारखं उठावं लागणाऱ्याला वाटेकडचीच जागा सुखाची, आणि ते संकोचाने बोलत नाहीत.

बसल्यावर

उड्डाण आणि उतरताना पडदा उघडा ठेवायला सांगतात. बाहेर काही गडबड झाली तर ती दिसावी आणि डोळे उजेडाला सरावलेले असावेत, एवढ्यासाठीच. ड्रीमलायनर विमानात पडदाच नसतो. खिडकीखाली बटण असतं, त्याने काच गडद होत जाते.

खिडकीच्या खालच्या बाजूला प्लास्टिकमध्ये टाचणीएवढं भोक दिसेल. ते बिघाडाचं नाही. दोन थरांमधला हवेचा दाब सारखा राहावा आणि बाष्प धरू नये म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. थंडीत त्याच्याभोवती बर्फाचे बारीक पाकळीदार स्फटिक जमतात, तेही बघण्यासारखे. फोटो काढताना फोन फ्लाइट मोडवर, फ्लॅश बंद, आणि भिंग काचेच्या अगदी जवळ पण न टेकवता. टेकवलंत तर इंजिनाची थरथर फोटोत उतरते. आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब पडत असेल तर ओढणी किंवा गडद रुमाल भोवती धरा. गॉगल पोलराइज्ड असेल तर खिडकीत इंद्रधनुषी डाग दिसतील; ते प्लास्टिकमधल्या ताणामुळे, तेवढ्यापुरता तो काढा.

पुणे, गोव्याचं दाबोळी, लेह, श्रीनगर, बागडोगरा हे विमानतळ संरक्षण दलांचे आहेत. तिथे जमिनीवर असताना आणि उडता-उतरताना फोटो-व्हिडिओला बंदी असते, आणि कधी पडदे खाली करायला सांगितलं तर मुकाट्याने करायचे. बागडोगऱ्याला उतरायची घोषणा झाली की फोन खिशात टाका. कांचनगंगेचे फोटो त्याआधीच काढून घेतलेले बरे.